सगळ्यात कमी दराची तार

९ जानेवारी, सोमवार
पुन्हा लटकलं. दुपारी चारला सुनंदा, माझी बायको, पुण्याच्या इंजिनिअरांना ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचा नकाशा दाखवत होती. पलीकडून एकच वाक्य येत राहिलं, मॅडम तुमचा आवाज तुटतोय. मग तेही आलं नाही. गल्लीतली मुलं शाळेतून आली की आमचं इंटरनेट त्यांच्या खेळात विरघळतं. घरगुती जोडणी, अख्ख्या गल्लीत वाटलेली.

पुणेकरांनी सौम्यपणे सांगितलं (त्यांचं सौम्य मी ओळखतो): फक्त तुमच्यासाठी असलेली लीज्ड लाइन घ्या. एकतीस मार्चपर्यंत पाहतो. कामाच्या वेळात लाइन टिकली तर तीन वर्षांचं काम तुमचं.

या कामासाठी सु.ने कारखान्याची अठरा वर्षांची नोकरी सोडली. त्याबरोबर कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर गेलं, आनंद नगरात हे घर घेतलं. समोरच्या खोलीत पाच जणी नकाशे काढतात. त्यातल्या दोघी तिच्या शब्दावर पक्क्या जागा सोडून आल्या. मी या हिंदी मुलखातून नागपूरच्या दैनिकाला पंधरवड्याचं वार्तापत्र पाठवतो. त्यात घरातल्या गोष्टींचं मीठ येतं, आयोडीनशिवायचं.

१२ जाने., गुरु.
लाइनची खरेदी नानांनी हाती घेतली. सासरे चौतीस वर्षं कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. इतक्या दिवसांत कोणी त्यांना कोथिंबीरसुद्धा आणायला सांगितलेली नाही. आज सकाळी सातला बुशशर्ट घालून तयार. फाइलला क्रमांक पडला. तीन कंपन्यांकडून बंद लिफाफ्यात दर मागवायचे. फाइलमध्ये कंपन्यांना नावं नाहीत, क, ख आणि ग. नाव आलं की मन आलं, म्हणाले.

सु. म्हणाली, नाना, फोन केला तर दुपारपर्यंत कळेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ती चहा टाकायला गेली.

२० जाने., शुक्र.
दुपारी तीनला लिफाफे उघडले. व्हरांड्यात खुर्च्या, तिन्ही कंपन्यांची माणसं, पाचही जणी दारात. नानांनी प्रत्येक लिफाफा सगळ्यांना मागून-पुढून दाखवला, आधी कोणी उघडलेला नाही म्हणून. क चा माणूस मला हळूच विचारतो, "सर, ये सरकारी दफ्तर है क्या?" म्हटलं, नाही, पण सवय आहे.

क सगळ्यात कमी. ग सगळ्यात जास्त. ग तर्फे सक्सेनाबाई आल्या होत्या. त्यांनी टेबलावर निळा नकाशा पसरला. त्यांची तार टाउनशिपच्या जमिनीखालून, रीतसर परवानगी काढून येणार. "बाकी लोग कहाँ से लाएँगे, इतना तो पूछ लीजिए, अंकल जी." नानांनी हात वर केला. लिफाफे उघडल्यावर एकाशी बोलायचं म्हणजे पक्षपात. बाईंनी नकाशा गुंडाळला.

मी बघत होतो. बोलायला हवं होतं.

२१ जाने.
सु.ला म्हटलं, ग ला विचारू की. म्हणाली, मलाही विचारायचंय, पण ती चौकशी...

ती दहावीत असताना कोणीतरी निनावी अर्ज केला होता, नाना कमिशन खातात म्हणून. आठ महिने घरी बसवलं. सगळ्या फाइली बाहेर काढल्या. प्रत्येक खरेदी सगळ्यात कमी दरवाल्याकडूनच केलेली निघाली, म्हणून सन्मानाने परत घेतलं. त्यांच्या लेखी तो दर नाही, ती अब्रू आहे. सु.ला त्याला हात लावता येत नाही. मला तर जावई म्हणून आधीच कशाला हात लावायची सोय नाही.

ऑर्डर क ला गेली.

६ फेब्रु., सोम.
क ची तार आली. दोन माणसं, एक शिडी, दीड तास. टाउनशिपच्या भिंतीपलीकडून कडुनिंबावर, कडुनिंबावरून गुलमोहरावर, तिथून आमच्या गच्चीवर. वानरं याच वाटेने येतात. टाउनशिपची परवानगी? विचारलं. "हो जाएगा साहब." संस्कृतात भविष्यकाळाचे दोन प्रकार आहेत. हा तिसरा.

पण चालते मात्र. यायला जेवढा वेग तेवढाच जायला, आणि कोणाशी वाटणी नाही. चहा निवायच्या आत नकाशा पुण्यात. सु. किती दिवसांनी जेवताना गप्पा मारत होती. नानांनी फाइलवर शेरा लिहिला, समाधानकारक.

१ मार्च, बुध.
तेवीस दिवस. एकदाही पडली नाही. हे लिहावं की नाही याचा विचार केला, आणि लिहिलं.

९ मार्च, गुरु.
पडली नाही. काढली.

अकरा वाजता संगणकांचे पाचही पडदे थिजले, नेमकी पुण्याची पाहणी चालू असताना. मी गच्चीवर धावलो. भिंतीपलीकडे टाउनशिपची गाडी, शिडी, कात्री. एक जण आमची तार कोपराभोवती गुंडाळत होता, घरचीच दोरी असल्यासारखी. मुकादम म्हणाला, विनापरवानगीच्या सगळ्या तारा उतरवायचा हुकूम आहे. कंपनीला नोटीस दिली होती. दोनदा.

सगळ्यात कमी दर कुठून आला ते असं कळलं.

नाना माझ्यामागे जिना चढून आले होते. हे मला जरा उशिरा दिसलं.

क ला फोन केला. ते म्हणतात, अखंड सेवेची हमी आमच्या केंद्रापर्यंतची. तिथून तुमच्या घरापर्यंतची तार त्यात नाही. करार काढून पाहिला. खरं आहे. शेवटच्या पानावर, टिपेत. टीप न वाचता ग्रंथ मिटला तर आमच्या संस्कृत पाठशाळेत छडी बसायची.

१० मार्च
पुणं रागावलं नाही. हे वाईट. एकतीसच्या आत टिकाऊ लाइन घ्या, पुन्हा एकदा पाहू, म्हणाले. इंदूरचे एक जण तयार आहेत हेही जाता जाता सांगितलं. तोवर घरगुती जोडणीवर सकाळी लवकर काम. रेखा, पक्की जागा सोडून आलेल्यांपैकी एक, जाताना मला विचारत होती, जुने लोक परत घेतील का हो. सु.ला नाही, मला. म्हणजे सु.ला कळू नये आणि कळावं, दोन्ही.

रात्रीचं पान वाढल्यावर सु. म्हणाली, "नाना, मी ग ला बोलावते."
"मग माझी फाइल कशाला केली?"
"तुमच्यासाठी केली."

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं. मी वरण मागितलं. नाना जेवले, सगळं जेवले, ताट स्वतः घासायला ठेवलं. फाइल कपाटात नाही दिसत.

१३ मार्च, सोम.
सक्सेनाबाई आल्या, तोच नकाशा घेऊन. एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांची तार भिंतीपलीकडच्या रस्त्यापर्यंत आलेली आहे. मधली टाउनशिपची जमीन खणायची, की झालं, चार दिवसांचं काम. फक्त खणायची परवानगी. कागद महिनाभर फिरतो. "अंदर कोई पहचान का हो तो जल्दी हो जाता है."

सु. माझ्याकडे बघेना, मी नानांकडे बघेना. टाउनशिपच्या कार्यालयात आता बोरकर साहेब आहेत. नानांच्या हाताखाली काम शिकलेले. चौतीस वर्षांत नानांनी कोणाकडे शब्द टाकलेला नाही. सासूबाई आजारी होत्या तेव्हाही कारखान्याच्या दवाखान्यात टोकन घेऊन बसले होते.

सु.ने फक्त अर्ज भरला. सही केली.

१६ मार्च, गुरु.
सकाळी नाना म्हणाले, जावईबापू, स्कूटर काढा. सु.चा अर्ज त्यांच्या खिशात.

टाउनशिपचं कार्यालय. खिडकीशी रांग. नाना रांगेत उभे राहिले, अकरावे. मी बाजूला सावलीत. अर्ध्या तासात तिघं सरकले. खिडकीतला माणूस प्रत्येकाला तेच सांगत होता, पावती घ्या, महिन्याने या. नाना ऐकत होते.

मग रांगेतून बाहेर आले. इकडेतिकडे न बघता बोरकरांच्या दाराशी गेले. शिपाई उठला. नानांनी स्वतःचं नाव सांगितलं, आणि त्यापुढे हुद्दा. निवृत्तीनंतर तो हुद्दा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. दार उघडलं.

रांगेतला एक जण म्हणाला, "देखा, बुढ़ऊ सीधे अंदर." नानांचे कान उत्तम आहेत.

वीस मिनिटांनी बाहेर आले. सरळ स्कूटरपाशी आले. मागे बसल्यावर म्हणाले, "पाया पडला. चहा दिला. बघतो म्हणाला."

बघतो म्हणजे काय ते त्यांना ठाऊक, चौतीस वर्षं तेही लोकांना हेच म्हणाले असणार. एकतीसला पंधरा दिवस.

घराच्या वळणावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुनंदाला सांगा, रांगेत होतो."

तिने दार उघडलं. आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. एवढा वेळ? गर्दी होती का?

होती, म्हटलं.