तोतया बगळा

आदरणीय दाजींस, धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करता, की नुसते हो म्हणता? इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहे, फक्त आमचा बगळा संकटात आहे. बगळा म्हणजे शाळांचे वेळापत्रक लावणारा आमचा मोफत प्रोग्राम. शिक्षकासारखाच तासन् तास उभा राहतो म्हणून हे नाव (चित्र मीच काढले आहे, चोच जरा लांब झाली). आम्ही सात जण तो बिनपगारी चालवतो आणि शाळेतली कारकुनी सांभाळून लोकांच्या तक्रारींना उत्तरे देणे माझ्याकडे आहे. बगळा कोणीही न्यावा, उघडून बदलावा, वाटावा, एवढी मोकळीक आम्हीच दिली आहे. अट एकच: आत भलते काही मिसळले, तर आमचे नाव आणि चित्र लावायचे नाही. विहिरीचे पाणी कोणीही न्यावे, पण त्यात साबण कालवून आमच्या विहिरीचे म्हणून पाजू नये. एका साइटने नेमके तेच केले. तिथून बगळा घेतलेल्या एका मुख्याध्यापिकाबाईंच्या वेळापत्रकात तिसऱ्या तासाला गणिताऐवजी टकलावर केस आणणाऱ्या तेलाची जाहिरात आली. गणिताच्या सरांना ते फार लागले. (त्यांनी फोटो पाठवला आहे. रागात तथ्य आहे.)

मी साइटला मेल लिहिला. आधी प्रकृतीची विचारपूस, मग विनंती. क्षणात उत्तर आले, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. इतका नम्र माणूस वाईट कसा असेल, म्हणून मी आभार मानले. त्यालाही लगेच तेच उत्तर. आलेल्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे तुम्ही जाणताच. अकरा पत्रे झाली. शेवटी आमच्यातल्या प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, ते मशीन आहे. तुम्ही थांबलात की ते थांबेल." म्हणजे चार दिवस मी एका मशीनच्या आईवडिलांची खुशाली विचारत होतो.

आता बाकीच्यांचा धीर सुटला आहे. सोमवारी साइटच्या मालकाला नोटीस जाणार, आणि तक्रारी माझ्याकडे म्हणून सहीही माझी. मला मात्र हा माणूस लबाड वाटत नाही. चांगली वस्तू फुकट मिळतेय तर चार जणांना द्यावी, एवढ्याच हौसेने त्याने दुकान मांडले असेल आणि खर्च निघावा म्हणून कोणा जाहिरातवाल्याचे ऐकले असेल.

मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता.क. साइटच्या तळाशी बारीक अक्षरात एक फोन नंबर आहे. आकडे ओळखीचे वाटले, तरी काल लावून पाहिला. ताईने उचलला. मी तिची तब्येत विचारली, हवापाण्याचे बोललो आणि ठेवून दिला. तिला काही कळू दिलेले नाही.

आणखी ता.क. सोमवारच्या आत बगळा काढून टाकलात तर नोटिशीची गरजच नाही. नाहीतर ती टपालाने घरी येईल, आणि तुमच्या घरी पाकीट कोणाच्याही नावाचे असो, आधी कोण फोडते ते मी तुम्हाला काय सांगावे.