वाऱ्याची मासिक सरासरी

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून शिस्त. पाचला उठणे. फिरायला जाणे. चहा दोनच कप. घरात आवाज चढवायचा नाही.
संचालक काल म्हणाले, पाऱ्याची दोन संगणकी मॉडेलं पोसणं संस्थेला झेपत नाही. २० मार्चच्या बैठकीत एक ठेवणार, एक बंद करणार. पहिलं माझं, चौदा वर्षं वाढवलेलं. हवेतला पारा समुद्रात उतरतो, समुद्र त्यातला काही परत हवेत सोडतो. किती सोडतो, ते माझं मॉडेल सांगतं. दुसरं शंकाबाईचं. माझीच विद्यार्थिनी. पीएचडीभर 'पण सर' म्हटल्याशिवाय एक वाक्य सुरू केलं नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं. प्रेमाने.
निकाल उघड आहे. तिचं सांत्वन कसं करायचं तेवढं ठरवायचं.

४ फेब्रुवारी
साडेसातला उठलो. पण जानेवारीत विमानासाठी एकदा तीनला उठलो होतो. सरासरी काढली तर मी लवकर उठणारा माणूस आहे.

९ फेब्रुवारी, दुपार
शंकाबाई खोलीत आली. म्हणाली, पण सर, तुम्ही अजून वाऱ्याची मासिक सरासरीच वापरता? वारा दुप्पट झाला की निघणारा पारा चौपट होतो, सरासरीत ते सगळं बुडतं. दर तासाच्या वाऱ्याची फाइल तिच्याकडे तयार आहे. हवी तर देते म्हणाली.
हेच तिने वर्गात विचारलं होतं. तेव्हाच सांगितलं होतं की समुद्र म्हातारा आहे, रोजच्या वाऱ्याचं तो मनावर घेत नाही. सगळा वर्ग हसला होता. ही नव्हती हसली.
फाइल नको म्हटलं. शिष्येकडून वारा उसना घ्यायची वेळ अजून आलेली नाही.
चहा चौथा. त्याशिवाय डोकं चालत नाही.

२२ फेब्रुवारी
समुद्रावर पारा मोजायला गेलेली संस्थेची बोट परत आली. बोटीचं म्हणणं, समुद्राने माझ्या आकड्याच्या अडीचपट पारा सोडला. यंत्राच्या नळ्या घाण असणार. तंत्रज्ञाला धुवायला सांगितल्या. म्हणाला, धुतल्यात. पुन्हा धुवा म्हटलं.

२३ फेब्रुवारी
नळ्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे समुद्रातच काहीतरी बिघाड आहे.

२ मार्च
बायकोला म्हटलं, बैठक होऊ दे, मग सगळं भरून काढतो, दोघं कुठेतरी जाऊ. ती म्हणाली, मुलगी येतेय त्या चार दिवसांत नीट वाग, तेवढं खूप झालं. नीट वाग म्हणजे? मी वाईट कधी वागलो?
मुलगी वर्षाने येतेय. मलाही ती हवी आहे. तिची खोली मीच आवरली. म्हणजे बायकोने आवरली, पंखा पुसायचं मी सुचवलं.

१५ मार्च, संध्याकाळ
मुलगी आली. जेवणाच्या टेबलावर बैठकीचे आलेख मांडून ठेवले होते. ताटं घ्यायची म्हणून तिने ते गोळा करून खुर्चीवर ठेवले. सगळा क्रम गेला. मी बोललो. थोडं मोठ्याने. एक ग्लास फुटला, टेबलावर हात आपटताना तो मध्ये आला. मुलगी म्हणाली, बाबा, लहानपणी तुम्ही ओरडलात की मी दाराआड जाऊन उभी राहायचे, आज बघा, पाय आपोआप तिकडेच वळले. अतिशयोक्ती करायची सवय आईकडून आलीय.
एकूण दहा मिनिटं आवाज चढला. महिन्यावर वाटून दिला तर कुजबुजसुद्धा नाही.

१६ मार्च
मुलगी सकाळीच निघाली. कामं आहेत म्हणाली. बायको तिला पोचवायला गेली. मोठी बॅग घेऊन. पोचवायला मोठी बॅग कशाला, हे विचारायचं राहिलं. आलेख पुन्हा लावत होतो.

१८ मार्च
पोचवणं लांबलंय. फोन केला. तुझी बैठक होऊन जाऊ दे, म्हणाली. समजूतदार आहे.

२० मार्च
बैठक. वेळ वीस मिनिटांची, मी चाळीस बोललो. शंकाबाईने एकच आलेख दाखवला. बोट बारा दिवस समुद्रात होती, त्यातले दोन दिवस वादळ. त्या दोन दिवसांत जेवढा पारा निघाला, तेवढा बाकीच्या दहांत मिळून नाही. तिच्या मॉडेलची रेघ मोजमापाला चिकटून वर गेलेली. माझी आपली सपाट.
संचालकांनी विचारलं, तुमच्या मॉडेलमध्ये वादळ कुठे आहे? मी म्हटलं, आहे की, सगळ्या महिन्याला वाटून दिलंय.
सगळी खोली हसली. शंकाबाई नाही हसली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

२३ मार्च
माझं मॉडेल बंद. पत्रात 'विश्रांती' असा शब्द आहे. मला शंकाबाईच्या गटात घातलंय, सल्लागार म्हणून. पहिलं काम: जुन्या वर्षांचा वारा तासातासाने भरणे. ती स्वतः सांगायला आली. पण सर, घाई नाही, म्हणाली.
दार लावून रडलो. चौदा वर्षं. कोणावर ओरडावं तर घरात कोणी नाही.

३१ मार्च, सकाळ
पाचला जाग आली. आपोआप. फिरायला गेलो नाही. सवयीने दूध दोघांचं आणतो, रोज नासतं.
बायकोचा निरोप आला. बैठकीचं विचारलं नाही. उन्हाळ्याचे कपडे आणि चष्म्याचा जुना नंबर पाठवून दे, एवढंच.
महिन्याअखेरचा हिशेब: निम्मा महिना घरात दोघं, निम्मा महिना एक. सरासरी दीड माणूस. दीड माणूस म्हणजे घर रिकामं आहे असं कोणी म्हणू शकत नाही.
एप्रिलची सरासरी काढणार नाही.