अर्ध्याची खूण

४ फेब्रुवारी
पहिला दिवस! वन्संच्या पुस्तकांची पानं लावायच्या स्टुडिओत. घरी नणंद, इथे मालकीण — हाक काय मारू? "वन्संच म्हण. मॅडम म्हणालीस तर वळूनही बघणार नाही."

सकाळभर स्पेस दाबदाबून शीर्षकं मधोमध आणत बसले. त्यांनी पाहिलं. हसल्या नाहीत. "टेकू लावून भिंत उभी करतेस होय? स्टाईल एकदा ठरव, मग सगळं पुस्तक तुझं ऐकतं." एक क्लिक — सगळी शीर्षकं एकदम मधोमध, वर निळी! मी चक्क टाळ्या वाजवल्या.

७ फेब्रुवारी
दर शुक्रवारी वन्सं पानं लावणाऱ्या लोकांना ई-मेलने पत्रक पाठवतात. सॉफ्टवेअरमध्ये नवं काय आलं, एखादी युक्ती, कोणता फाँट कुठे दगा देतो. फुकट! सासूबाई कुरकुरतात, "पोटापाण्याची विद्या गावभर वाटत सुटलीय ही." पण शेजारणीला हेच सांगताना त्यांची छाती फुगलेली असते, मी ऐकलंय.

१२ फेब्रुवारी
लहान मुलांच्या औषधांवर रुग्णालयाच्या दोन पुस्तिका व्हायच्या होत्या. एक आमच्याकडे आली. दुसरी समोरच्या स्टुडिओवाल्याने दर पाडून पळवली. वन्सं त्याला 'कडक इस्त्री' म्हणतात. शर्टाला सुरकुती म्हणून नसते मेल्याच्या!

१८ फेब्रुवारी
आज थोडक्यात वाचलो!

काल सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. आज पुस्तिका उघडली — सगळं जिथल्या तिथे. मी तर प्रेसला पाठवणार होते. वन्सं म्हणाल्या, थांब, छापून काढ, जुनं प्रूफ शेजारी ठेव. ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या आणि बोट थबकलं. जुन्या पानावर '½ गोळी'. नव्यावर नुसतंच 'गोळी'.

अर्ध्याची खूणच गायब! नव्या आवृत्तीने परस्पर दुसरा फाँट लावला होता, आणि त्यात ती खूण नव्हती. मागे उरली एवढीशी मोकळी जागा. माझी नजर तिच्यावरून दोनदा गेली होती. एखाद्या तान्ह्याला कुणी अख्खी गोळी...

वन्संनी सगळीकडे अक्षरात 'अर्धी' केलं आणि लगेच पत्रक लिहायला बसल्या. मंगळवारी! मी म्हटलं, "निदान त्या समोरच्याला तरी वगळा. भोगू दे."

मान वर न करता म्हणाल्या, "गोळी त्याला घ्यायचीय का?"

पत्रक गेलं. तरी वन्संना राहवेना, म्हणून त्यांनी त्याला फोनच लावला. "तुमची पुस्तिका छापायला गेलीय का? आधी मशीन थांबवा, कारण मग सांगते."

अशी बाई मी पाहिली नाही.

१९ फेब्रुवारी
कडक इस्त्री आला. शर्ट चुरगळलेला! रात्रभर प्रेसवर होता. "छपाई सुरू झाली होती, आणि अर्ध्याची खूण आमच्याकडेही गायब. तुमचा फोन आला नसता तर बाई..." वन्सं एवढंच म्हणाल्या, "बसा. चहा घ्या. आणि फाँट तपासायची सवय लावा."

३ मार्च
तो परत आला. म्हणे मास्टर पेजची, म्हणजे सगळ्या पानांच्या सामाईक साच्याची, शंका आहे. इतकी वर्षं धंदा करतोय आणि मास्टर पेज येत नाही? युक्त्या चोरायला येतो, दुसरं काय! वन्संना सावध केलं. त्या म्हणाल्या, "चोरू दे. नाहीतरी मी वाटतेच आहे."

२१ मार्च
आजच्या पत्रकात माझी युक्ती! खाली 'आमच्या भावजयीने शोधली' असं. यांना तीनदा वाचून दाखवली. सासूबाईंना चारदा.

१७ एप्रिल
आज त्याची शंका समासाबद्दल. समास! तासभर!! मी मुद्दाम टेबलापाशी घुटमळत राहिले. एकही युक्ती हाती लागू दिली नाही.

९ मे
वन्संनी दार लोटून घेतलं. "मी लग्न करतेय." आणि खिडकीतून समोर बोट दाखवलं.

कडक इस्त्री! "म्हणजे तेव्हा फोन केलात तो...?"

"छे गं! तेव्हा तो माणूस मला डोळ्यांसमोर नको होता." मग, आयुष्यात पहिल्यांदाच, नजर चुकवत: "आईला तू सांगशील?"

मी!!