निळ्या चित्राचं श्रेय

चि. ठिपक्यास,

थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. (पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला 'चि.' लिहू नये, असं तुझी वहिनी म्हणते. पण माझ्याआधी तू मोठा होणार कसा?) तुझा गुडघा काय म्हणतो? आमची प्रकृती तुझ्या प्रदर्शनाचा कॅटलॉग येईपर्यंत उत्तम होती.

कागद गुळगुळीत, वास थेट शाळेच्या नव्या पुस्तकांचा. क्षणभर डोळे मिटले. इतर पानं सोडून आधी कविता वाचायचो ते दिवस आठवले, आणि तुझ्या शाईच्या डागांनी माझीही वही बरबटायची, तेही आठवलं. (त्याच डागांसमोर आता लोक मान तिरकी करून उभे राहतात. असो.) पण प्रत्येक चित्राखाली 'शीर्षक नाही' वाचून जीव कासावीस झाला. परीक्षेत 'योग्य शीर्षक द्या' हा प्रश्न तू तेव्हाही सोडायचास! पेन्सिल घेऊन बसलो आणि तुझा पेपर पुरा करायला घेतला. तांबड्या पट्ट्यांना 'सांजवेळेचा निरोप', करड्या ओरखड्यांना 'विझल्या चुलीचे उसासे'. निळ्या चित्रापाशी मात्र अडलो. निळ्यावर निळं, कोपऱ्यात जरासं पिवळं. याला म्हणावं काय? तेवढ्यात तुझी वहिनी चष्मा पुसत आली, माझ्या खांद्यावरून बघत राहिली आणि म्हणाली, "दुपारी घरात कुणी नसतं ना, तेव्हा अगदी असंच वाटतं."

अरे, जन्मभर मी हिला कविता वाचून दाखवल्या. फार तर "छान आहे, जाता जाता गॅस बंद करा" एवढी दाद मिळाली. आणि तुझ्या निळ्यासमोर ही बाई स्वतःच कविता बोलून गेली! संध्याकाळी पाहतो तर माझ्या निवृत्तीच्या वेळच्या कवितेची फ्रेम कपाटावर पालथी, आणि तिच्या खिळ्याला तुझं पान. म्हटलं, "अगं, चांगला कॅटलॉग फाडलास?" तर म्हणते, "तुमची कविता मला पाठ आहे हो, ती भिंतीवर कशाला हवी?"

चित्र वाईट नाही. (चांगलं आहे. गाढवा, फार चांगलं आहे.)

तुझा,
दादा

ता. क. : वहिनीला एक फोन कर आणि बोलता बोलता सहज सांग, की ते निळं चित्र तुला दादाची एक कविता वाचून सुचलं. भावासाठी एवढं कर.

आणखी एक ता. क. : कुठली कविता, असं ती लगेच विचारेल. तेव्हा फोनची घाई करू नकोस. चित्रासमोर खुर्ची टाकून बसलो आहे. पहिली ओळ जमत आली आहे.