गोठ्याची भिंत आणि तिच्यातल्या माश्या

मी, भागूबाई धर्मा भोईर, वय ७४, राहणार कामण, तालुका वसई, पूर्ण शुद्धीवर असताना, दिवसाउजेडी, चष्मा लावून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. सातवी पास आहे, अक्षर माझंच.

१. राहतं घर मुलगा अल्पेश व सून रीमा यांना समान हक्काने मिळावं. दागिने मुलगी पिंकी हिला.

२. मागची वाडी अल्पेशला, एका अटीवर: जुन्या गोठ्याची मातीची भिंत पाडू नये, तिला गिलावाही करू नये. आजूबाजूला गोदामं झाली, त्या वर्षी आमच्या वांग्याची फुलं नुसती गळत होती. फळ धरलं ते या भिंतीलगतच्या दोन ओळींत. मी चार दिवस तिथे बसून पाहिलं. निळ्या पट्ट्यांची, मधमाशीच्याच कुळातली माशी भिंतीतल्या भोकातून निघे, फुलाला लटकून जोरात गुणगुणे आणि पराग झडे. ही माशी पोळं करत नाही, मध देत नाही. प्रत्येकीचं बिऱ्हाड वेगळं.

३. दुसरी एक जात गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून दाराच्या चौकटीतल्या भोकात नेई. तिच्यासाठी मी आंब्याच्या ठोकळ्यात गिरमिटाने भोकं पाडली आणि तो घराच्या पूर्वेच्या भिंतीवर, पाऊस लागणार नाही असा टांगला. गिरमिट यजमानांचं, ते सुतार होते. ते आणि बाकीची हत्यारं रीमाला द्यावीत. पुढचे सगळे ठोकळे तिने माझ्याबरोबर केले.

४. दीर पद्माकर भावजी तेव्हा म्हणाले, "इथं मानसांना जागा पुरत नाय, आनि तू माश्यांना घरं बांध!" तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. मी पिंकीकडे गेले असताना, माश्या घर पोखरतील म्हणून त्यांनी ठोकळ्यातली एकतीस भोकं सिमेंटने बुजवली. परत आले तेव्हा सिमेंट अजून कच्चं होतं; मी केसांतल्या आकड्याने एकेक मोकळं केलं. अकरांतून माश्या जिवंत निघाल्या. भावजींशी दोन वर्षं बोलले नाही.

मग ते स्वतःच आले. "वहिनी, माझी वांगी धरत नाय. एक ठोकळा माझ्या भिंतीला पन लाव." ठोकळा दिला, खिळे मात्र त्यांनाच ठोकायला लावले. त्यानंतर त्यांनी फुलांवर औषध मारलं नाही. वाडीतला लाकडी बाक त्यांना द्यावा.

५. आज कामणमध्ये एकवीस घरांवर माझ्या हातचे ठोकळे आहेत. शाळेत मी कधी पहिली आले नाही. या कामात गावात पहिली मीच, हे कोणी विचारलं तर बेलाशक सांगावं.

६. माझ्या मृत्यूच्या दिवशी ज्या भोकांची तोंडं पानांनी बंद असतील, त्यांच्यात पिल्लं असतील. ती आतून उघडेपर्यंत वाडीचा ताबा कोणी घेऊ नये, पूर्वेच्या भिंतीला हात लावू नये. शेवटची माशी उडाली की रीमाने अल्पेशला सांगावं. त्या दिवसापासून वाडी त्याची.

लिहून ठेवणार: भागूबाई धर्मा भोईर (सही)

आम्हां दोघांसमोर त्यांनी वाचून सही केली:
१. क्लेमेंटीन लोपीस, शेजारीण (सही)
२. रमेश घरत, निवृत्त पोस्टमन (सही)

कामण, दि. ९ फेब्रुवारी २०२५