टीव्हीवर सापडलेले बाबा

आई, तुला मॉस्कोहून घट्ट मिठी.

मी ठणठणीत आहे, नोकरीही टिकून आहे. तुझे गुडघे कसे आहेत? चुलीची लाकडं फोडून द्यायला कोणी येतं का?

आता त्या कार्यक्रमाबद्दल. स्टुडिओतून फोन आला, "उत्तरेत बेपत्ता झालेले तुमचे बाबा सापडलेत, या." मी धावत गेले. दिवे लागले, टाळ्या वाजल्या आणि एक म्हातारा हुंदके देत माझ्या गळ्यात पडला. बाबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. याची दहाही जागेवर! मी त्याला ढकललं, ओरडले, "हे माझे बाबा नाहीत!" मेल्यांनी ओरडणं कापलं आणि ढकलणं तेवढं दाखवलं.

नंतर तो म्हातारा बाहेर सिगारेट ओढत होता. म्हणाला, "रागावू नकोस पोरी. मागच्या आठवड्यात मी एकीचा भाऊ होतो."

गाव मला कृतघ्न म्हणतंय, म्हणू दे. पण काल फोनवर तू म्हणालीस, "थकलाय गं, पण तोच आहे." आई, करवतीत बोटं गेली तेव्हा पट्टी तूच बांधलीस ना? आणि टीव्हीने दाखवलं म्हणून तेही विसरलीस?

कापितोलिना मावशी सांगत होती, तू बाबांचा कोट पेटीतून काढून उन्हात घातलायस. माझी बदनामी मी गिळेन. हे मात्र त्या लोकांना कधीच माफ करणार नाही.

कोट आत ठेव. नको, राहू दे. शनिवारी मी येते, दोघी मिळून ठेवू.

तुझी आणि बाबांची,
रिम्मा