म्हणजेच सर मागच्या बाकावर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? आम्ही इकडे खुशाल. तुझी चिमणी माझ्या घरी मजेत आहे, वेळेवर जेवते, कॉलेजला जाते, मामीशी भांडत नाही. (तिच्याबद्दल पुढे बोलूच.) एकच विनंती. तुला पत्र शेवटाकडून वाचायची खोड आहे, आई रागावून रागावून थकली तरी गेली नाही. या खेपेला मात्र कृपा करून वरून खाली वाच.

तर ताई, मी वाचलो! हे आधीच सांगून टाकतो, उगाच तुझा जीव टांगणीला नको. गेल्या महिन्यात प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून चहा पाजला (चहा आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गडबड आहे; हा माणूस फुकट पाणीसुद्धा विचारत नाही) आणि सांगितलं, की तर्कशास्त्राला पुढच्या वर्षी निदान वीस मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद, आणि माझी रवानगी संस्थेच्या लांबच्या शाखेत. तिथे वर्ग कमी आणि डास जास्त, असं ऐकून आहे. या वयात बिऱ्हाड पाठीवर घेऊन मी कुठे जाऊ, सांग. मला झोप लागेना.

त्याच सुमारास कॉलेजात वेगळीच धुसफूस चालली होती. आमच्या स्टाफरूमचं मत असं, की हल्लीच्या मुलांना काडीची अक्कल नाही, वर्गात अंग तेवढं आणून ठेवतात, मन कँटीनमध्ये. (हे मत आम्ही तासाची घंटा होऊन गेल्यावर, चहा संपेपर्यंत, सविस्तर मांडतो.) कँटीनचं मत असं, की मास्तर लोक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून तेच ते वाचतात आणि बाकावर बसणं म्हणजे काय हे विसरलेत. दोन्ही मतं प्राचार्यांच्या कानावर गेली आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. एक दिवस उलटापालट! मुलांनी शिकवायचं, प्राध्यापकांनी बाकांवर बसायचं, आणि दिवसअखेर सभागृहात मुलांनी पुढच्या वर्षाचा विषय उभं राहून सांगायचा. म्हणजेच माझी फाशी जाहीर चौकात.

आता त्या दिवसाची गंमत ऐक. वर्गाचं दार उघडलं मात्र, आमची सगळी विद्वान मंडळी धावली ती मागच्या बाकाकडे. इतिहासाचे सर आणि भौतिकशास्त्राचे सर एकाच बाकावरून असे हमरीतुमरीवर आले, की मला मधे बसून सोडवावं लागलं. (माझी जागा मात्र झाली.) अर्थशास्त्राच्या बाईंनी बाकाखाली विणकाम काढलं. हजेरी सुरू झाली तर वनस्पतिशास्त्राचे सर कँटीनमध्ये, आणि त्यांच्या नावाला रसायनशास्त्राच्या सरांनी बारीक आवाज काढून 'हजर' म्हटलं. याच गुन्ह्यासाठी त्यांनी आदल्या आठवड्यात एका पोराला बाहेर काढलं होतं! दारा-खिडक्यांत मुलांची ही गर्दी, आणि एकेकाचं हसून पोट दुखलेलं.

माझ्या तासाला माझ्या जागी एक मुलगी आली. (चांगल्या घरची. हुशार. अशा मुलीची आई धन्य, एवढंच तूर्त म्हणतो.) आल्या आल्या तिनं खडू कानामागे खोचला, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि घसा खाकरून म्हणाली, 'म्हणजेच...' वर्गात हशा पिकला. मला मुलं 'म्हणजेच सर' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. ती हुबेहूब माझ्यासारखं, माझ्याच चालीवर शिकवू लागली. आणि ताई, आता लपवून काय करू, मी झोपलो. माझ्याच तासाला! गाढ! इतके दिवस मुलं का पेंगतात म्हणून मी चिडत होतो, मला काय ठाऊक अंगाई मीच गातोय ते.

डोक्यावर टणकन खडू आदळला. डोळे उघडतो तर अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय. 'उभे राहा,' ती म्हणाली. 'अभ्यासू माणसं वर्गात झोपत नाहीत. हे गृहस्थ झोपले. म्हणजेच?' तर्कशास्त्राचा मास्तर मी, उत्तर चुकीचं कसं देऊ? 'म्हणजेच हे गृहस्थ अभ्यासू नाहीत,' मी म्हटलं. टाळ्या! पण मग मला चेव आला. म्हटलं, बाई, तुमचं पहिलं विधानच लंगडं आहे. रात्रभर पुस्तकात डोकं घालणारा दिवसा पेंगणारच. लगेच खिडकीतून एक आळशी शिरोमणी ओरडला, 'मग सगळ्यात अभ्यासू मीच!' तिनं त्याला तिथल्या तिथे झापलं, की अभ्यासू माणूस कधी झोपत असेल, म्हणून झोपणारा प्रत्येक जण अभ्यासू ठरत नाही. मग तो भांडला, मी भांडलो, विणकाम बाजूला ठेवून बाई भांडल्या. घंटा झाली तरी कुणी हलेना. इतकी वर्षं शिकवतोय, पण असा तास माझ्या नशिबी आला नव्हता.

सभागृहात प्राचार्यांनी विचारलं, 'तर्कशास्त्र कोणाला?' मी डोळे मिटून घेतले. बाकं करकरली. प्राचार्यांनी मोजले. एकोणीस! खिडकीतला शिरोमणीसुद्धा उभा होता. पण एकोणीस म्हणजे वीस नव्हेत. मला लांबच्या शाखेतले डास ऐकू येऊ लागले. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. वीस! ताई, मी लहान मुलासारखा रडलो. आता विषय राहिला, घर राहिलं, मी राहिलो. काल रात्री घोरत होतो म्हणून तुझी भावजय तक्रार करत होती, इतकी शांत झोप लागली.

भावोजींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : खडू मारणारी ती मुलगी म्हणजे आपली चिमणी. विसावी उठली तीही तीच. तू तिला संख्याशास्त्र घ्यायला बजावलं होतंस हे मला ठाऊक आहे. मी समोरून हातानं खुणावत होतो, बस खाली, तुझी आई मला सोलून काढेल! बसली नाही. घरी आणून तिला चांगलं फैलावर घेतलं, तर म्हणाली, 'मामा, मी तुझ्यासाठी नाही उठले. तो तास संपू नये असं वाटलं, म्हणून उठले.' यावर तुझ्याकडे उत्तर असलं, ताई, तर तेवढं मात्र कळवू नकोस.

ता. क. २ : तू इथूनच वाचायला सुरुवात केली असशील, मी काय तुला ओळखत नाही? इकडे सर्व ठीक, चिमणी मजेत, माझी नोकरी शाबूत. वरचं काही वाचायची मुळीच गरज नाही. फक्त एका शब्दात 'बरं' असं लिहून पाठव. ती सकाळपासून दारात उभी राहून टपालवाल्याची वाट बघतेय, आणि हे पत्र अजून मी टाकलेलंही नाही.